चौथा नंबर

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा आमच्या घरातली, आमच्या चाळीतलीही, मी पहिली ग्रॅज्युएट होते. हे मी आजही मान वर करून सांगते. पण अंधेरीच्या एका कंपनीत टायपिस्टच्या जागेसाठी गेले, तर साहेबांनी इंग्रजीत प्रश्न विचारले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. टायपिंग त्यांना आवडलं होतं. म्हणाले, इंग्रजी बोलण्याचं सर्टिफिकेट आणा, दोन महिने जागा ठेवतो.

घाटकोपर स्टेशनजवळ साड्यांच्या दुकानावर एक क्लास होता, तिथे नाव घातलं. शेवटची परीक्षा गप्पांची. चौघांनी टेबलाभोवती बसून एका विषयावर पंधरा मिनिटं आपसात बोलायचं आणि सर बाजूला बसून मार्क देणार. आमचा विषय होता, एकत्र कुटुंब चांगलं की वेगळं. माझ्या गटात दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघंही मुलुंडच्या एकाच कॉलनीतले. यादीत माझं नाव चौथं.

पहिली तालीम त्या मुलीच्या घरी झाली. तिघं एकमेकांचं वाक्य तोडत भराभर बोलत होते. मी माझा नंबर यायची वाट बघत बसले. आमच्या चाळीत दहा खोल्यांना एक नळ. सकाळी हंडा रांगेत ठेवला की नंबर लागला, मग खुशाल घरी जाऊन भाकऱ्या थापा. पुढचीचा हंडा भरला की ती हाक मारते. बोलण्याचंही तसंच असणार असं मी धरून चालले होते, म्हणून चौथीने करायचा समारोप तेवढा पाठ करून गेले होते. हाक कुणी मारली नाही.

"तू बोललीच नाहीस गं," निघताना ती मुलगी म्हणाली.

"माझा नंबरच आला नाही."

तिघं हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

पुढच्या रविवारी पाहुणे येणार आहेत, तालीम रद्द, असं तिने कळवलं. सोमवारी क्लासमध्ये ते तिघं 'काल ठरलं तसं' म्हणून बोलताना ऐकलं. मी विचारायला गेले नाही. कुणाच्या दारात दोनदा उभं राहायची आम्हाला सवय नाही.

घरात तोंड उघडलं की धाकटे भाऊ माझी नक्कल करून खिदळायचे. म्हणून संध्याकाळी मी चाळीमागच्या टेकडीवर जायची. तिथे पाण्याच्या टाकीला कठडा होता. चार जागा ठरवल्या आणि चारही जागांवर आळीपाळीने मीच बसले. पहिल्याच्या जागेवर तोऱ्यात, त्या मुलीच्या जागेवर मानेला झटके देत. चौथीचा नंबर तिथेही शेवटीच यायचा. मी मलासुद्धा मध्ये बोलू देत नव्हते.

परीक्षेत तेच झालं. ती मुलगी भरलेल्या घरावर छान बोलली, मुलगे तिला अडवून बोलले, मग ती त्यांना. सरांनी घड्याळ पाहिलं. पाणी जायची वेळ झाली आणि पुढची रेंगाळत असली, तर आई भांडत नसे. एक हात तिच्या हंड्यावर ठेवायची नि आपला हंडा धारेखाली सरकवायची. मी टेबलावर तळवा टेकला.

"एक्सक्यूज मी. नाऊ इट इज माय नंबर."

एक मुलगा फिसकन हसला. सर म्हणाले, "गो ऑन."

पाठ केलेला समारोप कुठे गेला कोण जाणे. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आम्ही एका खोलीत आठ जण राहतो. जेवायला, भांडायला, झोपायला माणसं आहेत. आज माझी परीक्षा आहे, तिची मला भीती वाटते, हे सांगायला कुणी नाही. त्यासाठी मी टेकडीवर जाते.

तेवढ्यात वेळ संपली.

चौघांत सगळ्यात कमी मार्क मला, पण पास होते. नोकरीला तेवढं पुरलं. बाकीचे खाली हॉटेलात चहाला निघाले. "येतेस?" त्या मुलीने विचारलं. मी नको म्हटलं. ती पुन्हा विचारेल असं वाटून जिन्यात जरा थांबले. ते तिघं रस्ता ओलांडून गेले.

गिरणी बंद पडल्यापासून बाबा दारातच बसलेले असत. पास झाल्याचं सांगितलं.

"काय बोललंस ता सांग. इंग्रजीतच सांग."

"तुम्हाला कळणार नाही, बाबा."

"माका नाय कळला तरी चलात. तू बोल."

मी उंबऱ्यात उभी राहून सगळं पुन्हा बोलले. आत भाऊ भांडत होते, त्यांना बाबांनी हाताने गप्प केलं. मला एकदाही मध्ये तोडलं नाही. संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे काय गो?"

"आमचं घर भरलेलं आहे, असं म्हटलं."

बाबा खूश झाले. आईलाही त्यांनी तेच सांगितलं.