गोलरेषेवरचा सहावा

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो... हसण्यासाठी. मी कारखान्यात डिझाइनला आहे. वडील पुण्याहून बदली होऊन भोपाळला आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात देव आहेत, पण ते खातं बायकोकडे. भूतबित... छे! हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला आधी डोळे तपासून घ्यायला सांगितलं असतं. मला लोकांनी तेच सांगितलं.

नावं बदलली आहेत. बाकी सगळं घडलं तसंच लिहितोय.

इंद्रपुरीच्या अलीकडे आमची कॉलनी. एका अंगाला जुने क्वार्टर, दुसऱ्या अंगाला नवे, मधे हॉकीचं मैदान. आमच्याकडे हॉकी म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही. बायका भाजीच्या गाडीवर कालच्या कॉर्नरवरून भांडायच्या. दर हिवाळ्यात जुने विरुद्ध नवे अशी फायनल व्हायची आणि त्या आठवड्यात कॉलनीत कुणी लग्नाची तारीख धरत नसे.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेनल्टी कॉर्नरला बचाव करणारे पाच जण गोलरेषेच्या मागे उभे राहतात. चेंडू आत ढकलला गेला की त्यातला एक जण जिवाच्या आकांताने थेट मारणाऱ्याच्या अंगावर धावत जातो. तो रनर. हल्ली सगळीकडे रनर तोंडावर मास्क लावतो. आमच्या मैदानावर मात्र रीत होती, रनरने मास्क लावायचा नाही. एके काळी मी आणि पाठक, आम्ही दोघं जुन्या क्वार्टरचे रनर. माझ्या हनुवटीवर टाके आहेत आणि ते मी वर्षानुवर्षं पदकासारखे मिरवले.

त्या फायनलला मी पंच होतो. जुन्यांकडून पाठकचा मुलगा मंदार रनर, नव्यांकडून कॉर्नर मारायला विकास, कारखान्यातल्या फिटर यादवजींचा मुलगा. दोघांची सामनाभर तोंडं चालली होती. आधीच्या कॉर्नरला मंदारने विकासचा फटका अडवला आणि वर म्हणाला, "क्या पहलवान, रोटी नहीं खाई?" विकास म्हणाला, "अगली बार सीधे मुँह पे दूँगा बेटा!" सगळे हसले. असं रोजच चालायचं.

पुढचा कॉर्नर मिळाला तेव्हा मंदार मास्कचा पट्टा ओढत होता. घरून आईने दिला असावा. मी गोलच्या बाजूला, त्याच्यापासून हाताच्या अंतरावर. मी म्हणालो, "काय रे मंद्या, तुझ्या बापाने कधी लावला होता का हा टोप?"

मंदारने माझ्याकडे पाहिलं. "टाकू का काका?"

"टाक की! उशीर होतोय."

त्याने तो जाळीच्या मागे भिरकावला. मी शिट्टी दिली.

चेंडू कानशिलावर बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत मंदार गेला होता.

त्यानंतर कॉलनी उभी चिरली. विकासचं ते वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं होतं, माझं कुणीच नाही. जुने म्हणाले, नेम धरून मारलं. नवे म्हणाले, खेळात होतं. मैदानाला कुलूप लागलं. आमच्या मराठी मंडळाचा एक गणपती होता, त्याचे दोन झाले. माझ्या घरी कामाला येणारी बाईसुद्धा विचारायची, "साब, आप किस तरफ?"

यादवजी एकदा माझ्या दारात आले. चप्पल बाहेर काढून उभेच राहिले. "साब, आप तो बाजू में खड़े थे. इतना ही बोल दो कि लड़के ने जानबूझ के नहीं मारा."

विकासची खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी अडली होती, त्याच्याविषयी चौकशी सुरू होती. मी बोललो असतो, तर पुढचा प्रश्न आला असता... मास्क कुठे होता? मी म्हणालो, "यादवजी, माझं लक्ष गोलकडे होतं. मला नीट दिसलं नाही."

ते "ठीक है साब" म्हणाले आणि गेले.

पुढे दोन्हीकडच्या ज्येष्ठांनी ठरवलं की मैदान उघडायचं, एक मैत्रीचा सामना खेळायचा. पाठक स्वतः माझ्याकडे आला. "पंच तूच हो. तुझ्यावर दोघांचा विश्वास आहे." मी हो म्हणालो.

जानेवारीतली लख्ख दुपार होती. हे मुद्दाम लिहितोय. ऊन माझ्या पाठीमागे होतं, मी आजारी नव्हतो, घेत तर मी कधीच नाही. विकास खेळत होता, त्याच्या बापाने आणलं म्हणून. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. नव्यांना कॉर्नर मिळाला. जुन्यांचे पाचही जण आता मास्क लावून उभे राहिले. शिट्टीआधी पंचाने बचाववाले मोजायचे असतात. मी मोजले.

सहा.

"एक जण जास्त आहे. बाहेर व्हा."

"सर, पाँच ही हैं."

मी बोट दाखवत पुन्हा मोजले. सहा. सहावा माझ्या बाजूच्या खांबाजवळ होता, जुन्या क्वार्टरच्या निळ्या जर्सीत. त्याच्या तोंडावर मास्क नव्हता. धूसर नाही, पारदर्शक नाही... बाकीच्या मुलांसारखाच, घामेजलेला. त्याच्या हातात मास्कचा पट्टा लोंबत होता आणि तो माझ्याकडे पाहत होता, उत्तराची वाट बघावी तसा.

दुसरा पंच मैदान ओलांडून आला. त्यानेही मोजले. "पाँच हैं यार." मागून कुणीतरी ओरडलं, "सर, चश्मा बदलवाओ!" हशा पिकला.

तेवढ्यात समोर, गोलपुढच्या अर्धवर्तुळाच्या म्हणजे डीच्या टोकावर, विकासच्या हातातली स्टिक खाली पडली.

"छह हैं," तो म्हणाला.

हसणं थांबलं. विकास त्या खांबाकडेच बघत होता. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, विनवणी करावी तसं म्हणाला, "सर... उसको बोल दो ना. पहन ले."

एवढंच करायचं होतं. "मंदार, मास्क लाव." मैदानाच्या कडेला पाठक उभा होता, त्याच्यामागे अख्खी कॉलनी. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. माझी नजर खाली गेली, बुटांवरच्या धुळीकडे. वर पाहिलं तेव्हा पाच होते.

विकास मैदानातून चालत निघून गेला. जुन्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "देखा? मन का चोर बोल रहा है." जे थोडेफार अजून साशंक होते, त्यांचीही त्या दिवशी खात्री पटली. मैदानाला पुन्हा कुलूप लागलं. विकासची नोकरी गेलीच.

काही दिवसांनी मी पाठकला सगळं सांगितलं. मास्क, माझे शब्द, सगळं. त्याने ऐकून घेतलं. घरात वळून पाहिलं आणि दार थोडं ओढून घेतलं. मग म्हणाला, "हिला सांगू नकोस. त्या पोराला शिव्या देत ती सकाळी उठते. दिवसाकाठी दोन घास खाते. ते काढून घेतलंस तर तिच्याकडे काय उरणार? तू घरातला माणूस. तुझ्यावरचा राग तिला झेपायचा नाही."

"आणि विकास?"

त्याने दार लावून घेतलं. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

विकास आता करोंदच्या मंडीत ट्रकवर पोती चढवतो. मी त्याला भेटायला गेलो होतो. माफी मागितली. तो "छोड़ो सर" म्हणाला आणि काम करत राहिला. शेवटी मी विचारलं. तिथे शंभर माणसं होती, कुणालाच दिसलं नाही. आपल्या दोघांनाच का? आणि मी सांगितलं तर मंदार ऐकेल, हे तुला कसं कळलं? मी त्याला काय बोललो होतो ते तर तुला ठाऊक नव्हतं.

त्याने पोतं खांद्यावर घेतलं. "मेरी तरफ तो उसने देखा ही नहीं, सर. आपको ही देख रहा था."

याचा उलगडा मला झालेला नाही. मैदानाचं कुलूप अजून तसंच आहे. कामावर जाताना मी कुंपणाजवळून जातो आणि रोज न चुकता त्या खांबाकडे बघतो. तिथे कुणी नसतं. आता मी बोलू शकेन असं वाटतं... पण तो पुन्हा आलेला नाही.