मोहाच्या जागी गुलाब

आजवर कोणाला सांगितलं नाही, ते आधी लिहून टाकतो. माझ्या टेबलाच्या खणात एक कागद आहे. तो माझा नाही. एका मुलीने समजावून घेण्यासाठी माझ्याकडे कागदांचा गठ्ठा दिला होता, त्यातला तो. गठ्ठा परत करताना मी तेवढा एक कागद दिला नाही. चुकून राहिला, असंही नाही. वाचला, घडी घातली आणि खणात ठेवला.

मी बल्लारपुरात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. वीसेक वर्षं झाली. माझी पोरं बोर्डात इंग्रजीत नापास होत नाहीत, एवढं माझं नाव आहे गावात. कशी होत नाहीत, तर निबंध, पत्र, सारांश, सगळं मी लिहून देतो आणि ती पाठ करतात. मीही असाच शिकलो होतो. वर्गाबाहेरच्या एखाद्या माणसाशी सलग दोन मिनिटं इंग्रजीत बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आली असती तर मी रस्ता बदलून गेलो असतो.

ती मुलगी धानोऱ्याकडच्या एका खेड्यातली. इथे मावशीकडे राहून शिकली, बारावीला माझ्या वर्गात होती. पुढे वनस्पतिशास्त्र घेतलं, प्रथम श्रेणीत पास झाली. परदेशातल्या एका विद्यापीठाने जंगलाच्या अभ्यासाला तिला घ्यायचं कबूल केलं होतं. सरकारी शिष्यवृत्ती मिळण्यासारखी होती. आडवी होती ती फक्त इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग, आणि कुठल्याही भागात नऊपैकी सहाच्या खाली गुण चालणार नव्हते.

ती आईला घेऊन माझ्या घरी आली. "जय भीम सर," म्हणाली आणि नेटकॅफेतून छापून आणलेला गठ्ठा पुढे ठेवला. "मी अजून वाचलं नाही सर. हे काय काय लिहिलं आहे ते जरा समजावून सांगा."

आई दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसली होती. म्हणाली, "मास्तर, हिले तुमच्या हवाली करून राह्यली. आम्हाले यातलं काही समजत नाई."

मी म्हणालो, "काळजी करू नका बाई. माझी कोणती पोरगी आजवर इंग्रजीत अडली?"

अशी परीक्षा मी आयुष्यात पाहिली नव्हती. ते त्याच वेळी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठा वाचायला घेतला. ऐकण्याचं, वाचण्याचं, लिहिण्याचं कळलं. बोलण्याच्या भागात परीक्षक समोर बसतो, विषयाचं एक कार्ड देतो, एक मिनिट विचार करायला देतो आणि मग दोन मिनिटं बोलायचं असतं. त्याच्याच पुढच्या कागदावर साध्या इंग्रजीत लिहिलं होतं की, पाठ केलेली उत्तरं परीक्षकाला ओळखू येतात, त्याचे गुण कमी होतात. आपल्या शब्दांत, आपल्या अनुभवाचं बोला.

मला तो कागद दुसऱ्यांदा वाचावा लागला नाही. माझ्याकडे पाठ करून घेण्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं. हा कागद तिने वाचला असता तर ती विचारणार, "मग सर, कसं बोलायचं?" आणि मला ते माहीत नव्हतं. कागद खणात गेला.

महिनाभर ती संध्याकाळी यायची. पहिल्या आठवड्यात मी तिला म्हटलं, लहानपणी घरच्यांसोबत केलेलं एखादं काम सांग. कार्डावर असले विषय असतात, एवढं मी वाचलं होतं. ती लगेच सुरू झाली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण न थांबता. मोहफुलं वेचायला ती आईबरोबर पहाटे जायची. फुलं तोडायची नसतात, आपोआप गळतात. आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा झाडून जागा साफ करून ठेवायची. अस्वलालाही मोह आवडतो, म्हणून आई वाटेने थाळी वाजवत चालायची. टोपली भरली की बोटं चिकट होतात आणि दिवसभर अंगाला तो वास राहतो.

मी ऐकत होतो. क्रियापदं चुकत होती, पण मला डोळ्यांसमोर झाड दिसत होतं. आणि मी काय म्हणालो, तर, "हे नको."

"काऊन सर?"

"मोहाची दारू होते, एवढंच लोकांना माहीत असतं. पुन्हा त्या परीक्षकाला मोह म्हणजे काय हे समजावण्यात दोन मिनिटं जातील. चांगलं काहीतरी सांगावं."

चांगलं म्हणजे काय, ते मी लिहून दिलं. आजोबांसोबत बागेत गुलाबांना पाणी घालणं. एका मार्गदर्शिकेतून उचललेला उतारा होता. सुवासिक, सफाईदार, एकही चूक नसलेला. तिने वाचला आणि हसली.

"सर, माह्या आज्याने जलमात गुलाब पाह्यला नसन."

"मग आता पाहू दे."

"आणि म्हातारा झाडाले पाणी घालते म्हणता. तो सोता आंघोळीले आठ आठ दिवस पाण्याजवळ जात नव्हता."

दोघंही हसलो. मग मी म्हणालो, "पाठ कर." तिने पाठ केला. तिच्या गावाबद्दलही असंच लिहून दिलं, परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम वगैरे. दोनशे पानी वही अर्धी भरली. मोहाचं तिने पुन्हा काढलं नाही. माझं ऐकायची सवय मीच लावली होती तिला.

परीक्षा नागपूरला झाली. परत आली ती सरळ माझ्याकडे. पिशवी खांद्यावरच होती. तीन भाग चांगले गेले म्हणाली. बोलण्याच्या वेळी कार्डावर तोच विषय निघाला, घरच्यांसोबत केलेलं काम.

"मी सुरू केलं सर, एक शब्द चुकला नाई. समोरच्या मॅडम पाहून राह्यल्या होत्या माह्याकडे. मग त्यांनी हळूच विचारलं, गुलाबाची छाटणी कधी करता तुम्ही? कशी करता?" तिने पिशवी खाली ठेवली. "मले कुठं माहीत सर. मी गप्प राह्यले. मग त्या काय काय विचारत होत्या, ते ऐकू येत होतं, पण तोंडातून निघेना."

मी विचारलं, "घाबरलीस काय?"

हा प्रश्न मी मुद्दाम टाकला. तिने तो उचलला. "हो सर. घाबरलेच असीन."

निकालात तीन भागांत सात किंवा वर, बोलण्यात साडेपाच. परीक्षा पुन्हा देता येते, पण शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत आठ दिवसांवर आली होती आणि तेवढ्यात पुन्हा तारीख मिळून निकाल लागणं शक्य नव्हतं. आई धानोऱ्याहून आली तेव्हा तिलाही मी तेच सांगितलं. "अभ्यास पक्का होता बाई, ऐनवेळी घाबरली." आई मुलीकडे वळून म्हणाली, "अस्वलाले नाई भेली कधी, आन् एका बाईले भेली?" मुलगी खाली पाहत राहिली. मीही. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीचं तिने पुन्हा नाव काढलं नाही. जे आपल्याला बोलता येत नाही त्यासाठी कशाला धडपडायचं, असं तिने मावशीला सांगितल्याचं मला कळलं.

त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. गुलाब पावसाळा सरल्यावर छाटतात, हे मला त्यानंतर एकदा रोपवाटिकेत कळलं. मी तिथे उगाच उभा राहून ऐकत होतो.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. गडचिरोलीत ती आता एका शिकवणीत शिकवते. आवाजात आनंद होता.

"सर, माह्याकडं तीन पोरी आहेत. दोघी नर्स, एक शिकायला जाऊन राह्यली. तिघी बाहेरच्या देशात जायले त्याच परीक्षेला बसतात पुढच्या महिन्यात. तुमची वही अजून आहे सर, जपून ठेवली. त्याच्यावरूनच घेऊन राह्यली. गुलाबाचं पाठ झालं त्यांचं." मग हसून म्हणाली, "मी त्यांले सांगते, माह्यासारखं भेऊ नका."

मी म्हणालो, "बरं केलंस."

एवढंच म्हणालो. फोन ठेवल्यावर खण उघडला. कागद घडीवर पिवळा पडला आहे, पण अक्षर वाचता येतं. फोनवर सांगायची गोष्ट नाही, असं मी स्वतःला सांगतो; आणि रोज गडचिरोलीची बस पकडायची राहून जाते, असंही सांगतो. बस तर दर तासाला आहे.

माझ्याकडून तिचं देणं बाकी आहे ते असं: तो कागद तिच्या हातात परत द्यायचा. तू घाबरली नव्हतीस, मी तुला चुकीचं शिकवलं आणि ते मला तेव्हाच ठाऊक होतं, हे तिच्या तोंडावर, तिच्या आईसमोर सांगायचं. मोहाचं तुझं बोलणं बरोबर होतं, हेही. आणि त्या तीन पोरींच्या परीक्षेआधी ती वही परत मागून घ्यायची. यातलं मी अजून काहीच केलेलं नाही.