गिओकची गाठ

आमच्या लुकांग गावात बायको गेली की नवऱ्याने तिच्या शवपेटीमागे चालायचं नसतं. चालला तर ती जाता जाता थबकते, म्हणतात. गिओक गेली तेव्हा खिम-हाय चालला. "मी वाजंत्री म्हणून येतोय," म्हणाला, आणि थडग्यापर्यंत सनई फुंकत गेला. मागे मी, ढोल घेऊन.

उन्हाळ्यात त्याच्या खालच्या ओठात, आतून डावीकडे, जांभळी गाठ आली. मऊ, कोमट.

"हात लावून बघ," तो म्हणाला.

"तुझ्या त्या सुपारीच्या तोंडात कोण हात घालणार, म्हाताऱ्या?"

"गिओक आहे ती. संध्याकाळी ठुसठुसते."

मला हसू आलं नाही. मी त्याला ओढत दवाखान्यात नेलं.

लिम डॉक्टरीणबाई तरुण. त्याचे लाल दात बघून तिचा चेहरा उतरला. "आजोबा, कॅन्सर आहे का ते बघायला हवं. बारीकसा तुकडा काढते."

"नाही काढायचा."

"दुखणार नाही हो."

"मला नाही, पोरी. तिला दुखेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मला सांगावंच लागलं : आम्ही मयताला वाजवतो, प्रेतापुढे त्याने सनई धरली की गाठ फुगते, खाली ठेवली की बसते.

तिने हातातली सुई बाजूला ठेवली. काचेची पट्टी गाठीवर दाबली. गाठ पांढुरकी झाली. पट्टी उचलताच हळूहळू पुन्हा जांभळी.

"सनई आणलीय? वाजवा."

"इथे? बाहेरचे आजारी लोक जोड्याने मारतील मला."

"मग लग्नातलं वाजवा."

त्याने वरातीतलं वाजवलं. बाहेर कुणीतरी टाळ्या पिटल्या. तिने ओठ उलटून पाहिला. गाठ टपोरली होती.

"रक्तवाहिन्यांचा गुंता वाटतोय. क्वचित दिसतो असा. फुंकताना त्यात रक्त भरतं. कापला असता तर रक्त आवरणं कठीण गेलं असतं."

सोनोग्राफीतही तेच निघालं. कॅन्सर नव्हता, कापायचीही गरज नव्हती. समोरच्या टपरीवर मी आनंदाने कालवं घातलेल्या शेवया मागवल्या. त्याने वाडग्याला हात लावला नाही.

"नुसतं रक्तच होतं तर," तो म्हणाला. "लग्नातल्या सुरावर ती कशाला येईल?"

मी माझा वाडगा संपवला. त्याच्या शेवया निवल्या.

"तुमच्या लग्नात हेच वाजलं होतं," मी म्हणालो.

"ढोल कुणाचा होता?"

"माझाच."

 तो वाडगा पुढे ओढून जेवला, उजव्या बाजूने, डावीकडे घास जाऊ न देता.