लॉरी प्यायली ते पाणी

ठोकळा खैराचा होता. जव्हारच्या सुताराकडून मीच तो तासून घेतला आणि समोर उभं राहून लॉरीच्या ॲक्सिलरेटरखाली बसवून घेतला. ड्रायव्हरनं पाय कितीही दाबला तरी पेडल त्या ठोकळ्यावर टेकायचं आणि लॉरी एका बेताच्या वेगापुढे जायचीच नाही.

संस्थानचे दिवस होते. जंगलातल्या कोळशाचा मक्ता घेतलेल्या एका शेटकडे मी दिवाणजी होतो. शेटची लॉरी खालून रेल्वे स्टेशनावरून मजुरांसाठी मीठ-तांदूळ घेऊन निघायची, जव्हार आणि मोखाडा मागे टाकून सूर्यमाळेची चढण चढायची आणि वरच्या भट्ट्यांवरचा कोळसा भरून परतायची. पेट्रोल डब्यांतून यायचं. डबे लवकर संपले की शेट माझ्यावर ओरडायचा. माझ्या एक लक्षात आलं होतं. शेट स्वतः गाडीत बसला की ड्रायव्हर हळू हाकायचा, आणि त्या फेरीला एखादा डबा उरायचा. म्हणजे पेट्रोल खात होती ती घाई. ठोकळ्याची कल्पना तिथून आली, आणि ती खोटी नव्हती. पहिल्याच फेरीला डबा उरला. शेटनं चारचौघांत माझी पाठ थोपटली. मला तोवर कुणी हुशार म्हटलं नव्हतं.

ड्रायव्हर जव्हारचाच, मुसलमान, माझ्याहून वयानं बराच मोठा. मी त्यांना चाचा म्हणायचो.

"दिवाणजी, डबा उरला. पण वेळ?" ते म्हणाले.

"वेळ काय डब्यातून आणावा लागतो, चाचा?"

"वेळ फुकट नसतो. उन्हाळ्यात तर नाहीच. बघाल तुम्ही."

मला बघायला वेळ लागला नाही. आधी लॉरी पहाटे स्टेशन सोडायची आणि ऊन तापायच्या आत सूर्यमाळेवर असायची. आता रस्त्यात रेंगाळत ती चढणीला लागायची तेव्हा सूर्य डोक्यावर. त्यात वेग घेऊन चढाला भिडायची सोय उरली नव्हती. पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढायचं, वारा लागत नाही, इंजिन भाजून निघतं. निम्म्या चढणीवर रेडिएटर किटलीसारखा शिट्टी मारायचा. मग थांबा, आणि पाणी शोधा.

पाणी एकाच ठिकाणी होतं. चढणीच्या बाजूला एक पाडा होता, आणि पाड्याच्या खाली खडकात एक झिरा. झिरा म्हणजे हातभर खड्डा. त्यात पाणी पाझरायचं, साचायचं, ते करवंटीनं हंड्यात भरायचं. एक हंडा भरला की दुसऱ्यापुरतं साचेपर्यंत बसून राहायचं. म्हणून घरांच्या पाळ्या होत्या. वरच्या घरापासून कोंबड्याच्या वेळेला सुरुवात, आणि उतरत उतरत सगळ्यांत खालच्या घराची पाळी यायची ती भर दुपारी. त्या खालच्या घरात दोनच माणसं होती. एक विधवा बाई आणि तिची म्हातारी आई. म्हातारीला फारसं दिसत नसे.

म्हणजे आमची लॉरी दर फेरीला त्या एकाच घराचं पाणी पीत होती. सकाळी यायची तेव्हा तिला पाणी लागतच नव्हतं. लागायला लागलं ते मी तिला दुपारची केली म्हणून.

मी पहिल्यांदा बरोबर गेलो त्या दिवशी ती बाई झिऱ्यावर बसली होती. चाचांनी खाली मान घालून डबा बुडवला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तू रे त्यांचा दिवाणजी? तुझी लॉरी म्हशीपरीस जास्त पानी पेतं."

"तापते ना ती, बाई."

"म्हैस पन तापतं. पन ती दूध तरी देतं. ही काय देतं? धूर?"

वरच्या अंगाला बसलेल्या बायका खो खो हसल्या. मीही हसलो. ती हसली नाही. रिकाम्या हंड्यावर हात ठेवून पुन्हा पाणी साचायची वाट बघत बसली.

परतताना चाचा म्हणाले, "चढणीच्या पायथ्याशी ठोकळा काढू द्या. वर गेलो की परत बसवतो. सपाटीवर तुमचं पेट्रोल वाचेल, चढावर त्या बाईचं पाणी."

"एकदा काढलात की परत बसवणार नाही तुम्ही."

"माझ्यावर एवढा पण भरोसा नाही?"

भरवशाचा प्रश्नच नव्हता. उरलेला डबा शेटला दाखवायची मला सवय लागली होती, एवढंच. त्याऐवजी मी पाड्याच्या कारभाऱ्याला गाठलं आणि सांगितलं की त्या बाईची पाळी सकाळची करा. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला.

"घरापरमानं पाळी हाय. पाऊस पडंतो ती बदलायची नाय. आज हिची बदलली तं उद्या समदे भांडतील." मग म्हणाला, "तुझी लॉरी सकाळची यायची ती दुपारची झाली. तू तिला परत सकाळची कर ना. ती तं तुझ्या एकल्याची हाय."

मी ते हसण्यावारी नेलं. ती बाई मग झिऱ्यावर बसेनाशी झाली. दरीत फार खाली एक डोह होता. दुपारची ती तिकडे उतरायची आणि हंडा डोक्यावर घेऊन उभी चढण चढून यायची. मला हे कळलं तेव्हा, खरं सांगतो, हायसं वाटलं. झिऱ्यावर आता भांडण नव्हतं.

वैशाखातल्या एका दुपारी लॉरी चढणीवर थांबली. मी बरोबर होतो. वरच्या घराचा हंडा नुकताच भरून गेला होता आणि झिऱ्याच्या तळाशी नुसता ओला गाळ होता. चाचा इंजिनापाशी थांबले, मी डबा घेऊन दरीच्या वाटेनं खाली गेलो. थोडं उतरल्यावर एका ऐनाच्या झाडाखाली ती बाई दिसली. आडवी झाली होती. शेजारी हंडा, काठोकाठ भरलेला, पाणी डचमळू नये म्हणून वर पळसाची पानं टाकलेली.

मी हाक मारली नाही. ती जागी झाली तर बोलणार, आणि काय बोलणार ते मला ठाऊक होतं. मी पानं बाजूला केली आणि हंडा माझ्या डब्यात ओतला. थोडं ठेवावं असं मनात आलं. पण डबा भरत नव्हता. सगळं ओतलं. रिकामा हंडा खाली ठेवताना कलंडला, तो मी तसाच राहू दिला.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ती झोपली होती. आता सांगायचंच आहे तर सरळ सांगतो. तिचे ओठ पांढरे पडले होते. अंगावर घामाचा टिपूस नव्हता, त्या उन्हात. ही झोप नव्हे एवढं मला कळलं होतं. छाती हलत होती की नाही ते मी पाहिलं नाही. हातात पाणी होतं, ते मी तिच्या तोंडावर शिंपडलं नाही.

वर आल्यावर चाचांनी विचारलं, "कुठलं पाणी?"

"झिऱ्याचं."

त्यांनी झिऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. लॉरी वर चढली. त्या फेरीलाही डबा उरला.

दुसऱ्या दिवशी कोळसा भरून उतरताना पाड्यापाशी माणसं जमलेली दिसली. चाचांनी लॉरी थांबवली. मला उतरायचं नव्हतं, ते उतरले म्हणून उतरलो. तिचं प्रेत आदल्या संध्याकाळी वर आणलं होतं. कारभारी सांगत होता की डोहापर्यंत पोचलीच नाही, वाटेतच ऊन लागलं, हंडा कोरडा मिळाला. सगळ्यांनी माना हलवल्या.

म्हातारी दारात बसली होती. हंडा तिच्या मांडीवर होता आणि ती तो आतून हातानं चाचपत होती.

"नाय," ती म्हणाली. "ती पोचली व्हती."

"आये, हंडा सुका व्हता," कारभारी म्हणाला.

"ऐनाखाली घावली ना? उतरताना ती ऐनाखाली नाय बसायची. येतानाच बसायची, भार असला का. माझी लेक रिकामा हंडा घेऊन मागं फिरायची नाय." मग तिनं आमच्या पायांच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "पानी कुठं गेला, कोन सांगंल मला?"

"म्हातारी भ्रमलीय," कुणीतरी हळूच म्हणालं.

चाचा माझ्याकडे बघत होते. मी कोळशाच्या पोत्यांकडे बघत होतो. तिथे जमलेल्यांत तिचं म्हणणं खरं आहे हे ठामपणे ठाऊक असलेला मी एकटा होतो, आणि म्हातारीला त्या दिवशी सगळ्यांनी मिळून वेडी ठरवलं. मीही मान हलवली.

खाली मोखाड्याच्या वाटेला लागल्यावर चाचांनी लॉरी उभी केली, वाकून ठोकळा उपटला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी तो परत बसवायला सांगितला नाही. शेटनं विचारलं तेव्हा इंजिन जुनं झालंय, पेट्रोल जास्त खातं, असं सांगितलं. लॉरी पुन्हा सकाळची झाली. चढणीवर तिला पाणी लागेनासं झालं.

म्हातारी झिऱ्यापर्यंत उतरू शकत नव्हती, म्हणून तिथली दुपारची पाळी तेव्हापासून रिकामीच जायची. कारभारी म्हणाला होता तसं, पाऊस पडेपर्यंत ती बदलायची नसते. पाणी साचायचं आणि तसंच राहायचं. म्हातारीला शेजारच्या बायका आपल्यातलं ओंजळभर द्यायच्या. ती पाणी घ्यायची आणि देणारीला दर वेळी तेच विचारायची, पानी कुठं गेला.