कालव्यापलीकडचा भाऊ

यांगीअरिक गावात इनोबतच्या हातच्या नानला नाव होतं आणि तिच्या भावाला बदनामी. तंदूरपाशी जमणाऱ्या बायकांना ती गोष्ट तोंडपाठ होती. कालव्यापलीकडच्या माहेरी बाप वारल्यावर होशीमनं घर एकट्यानं गिळलं आणि सख्ख्या बहिणीला 'पुन्हा पाऊल ठेवू नकोस' म्हणून दारातून हाकललं. इनोबत हे सांगायची तेव्हा ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. शेजारची थोराड रिसोलत, जिला सगळे ओपा म्हणजे ताई म्हणत, ती तर त्या होशीमच्या नावानं बोटं मोडायची.

आता खरं सांगायचं तर होशीमनं असलं काहीही केलं नव्हतं.

इनोबत लग्न होऊन आली तेव्हा कालवा म्हणजे नुसता कालवा होता. वर एक फळकूट टाकलेलं. पीठ भिजवून ठेवायचं, आईकडे जाऊन यायचं, पीठ फुगायच्या आत परत. मग सोव्हिएत संघ हा मोठा देश मोडला आणि कालव्याच्या माहेरकडच्या काठाला उझबेकिस्तान म्हणू लागले, सासरकडच्याला किर्गिझस्तान. तरी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण एके वर्षी सैनिकांनी फळकूट उचलून नेलं, तारा आल्या, चौकी आली, आणि चौकीत पासपोर्ट मागू लागले.

इनोबतकडे होता तो जुन्या देशाचा लाल पासपोर्ट. तो देशच उरला नव्हता. पलीकडचा कायदा असा की परदेशात कायमचं राहणाऱ्यानं आपल्या वकिलातीत नाव नोंदवायचं, ठरल्या मुदतीत नोंदवलं नाही तर नागरिकत्व गेलं. वकिलात दूर, डोंगरांपल्याड बिश्केकमध्ये. आणि इनोबतला कुठं ठाऊक की ती परदेशात राहते? ती तर आईच्या धुराड्याचा धूर दिसेल इतक्या अंतरावर भाकऱ्या भाजत होती. अलीकडच्या कचेरीत गेली तर म्हणाले, आधी पलीकडची नाहीस असा दाखला आण. तो आणायला पलीकडे जायला हवं, आणि पलीकडे जायला पासपोर्ट हवा. नवरा 'करू, करू' म्हणत राहिला आणि एक दिवस मालट्रकखाली सापडून गेला. कागदाअभावी लग्नाची नोंद झालीच नव्हती, पोरांच्या जन्माची नोंद सासूच्या नावावर झाली. कायद्याच्या लेखी इनोबत आईही नव्हती, सूनही नव्हती.

हे कुणाला सांगायचं कसं? बिनकागदाच्या बाईला लोक काय म्हणतात ते तिनं बाजारात ऐकलं होतं, आणि कुणी चौकीत जाऊन कळवलं तर पोरांपासून तोडून नेतील ही धास्ती होतीच. तशात माहेरी भाचीचं लग्न निघालं. बायका विचारू लागल्या, "अगं, तू कशी गेली नाहीस?" तिच्या तोंडून निघून गेलं, "भावाशी बोलणं नाही माझं." भांडण काय, घरोघरी असतं. त्यात लाज नाही, उलट सहानुभूती मिळते. मग त्या एका खोट्याला हात फुटले, पाय फुटले, आणि ते गावभर चालू लागलं.

मग आई वारली. होशीम स्वतः आला. हातात मयतीची तार, ती दाखवली की चौकीवाले अंत्यविधीपुरतं सोडत, फक्त पासपोर्ट हवा. काखेत फडक्यात बांधलेली नान. फाटकात रिसोलत ओपा आडवी आली.

"कोण, होशीम का? बहिणीचा वाटा गिळलास आणि आता भाकर घेऊन आलास होय रे?"

"ओपा, आमची आई गेली. इनोबतला हाक मारा."

"नाही यायची ती. आणि ही तुझी नान घेऊन जा. ह्या दारात चालायची नाही!"

ज्या मुलखात नानचा पडलेला तुकडाही उचलून कपाळाला लावतात, तिथं तिनं अख्खी नान दारातून परत केली. होशीमनं एकदा घराकडे पाहिलं. फडकं पुन्हा बांधलं आणि गेला.

इनोबत गोठ्यात होती. सगळं ऐकत होती. तोंडात डोईच्या रुमालाचं टोक कोंबून गाईच्या आडोशाला उभी राहिली आणि बाहेर आली नाही. त्या दिवसाची लाज तिला पुढं इतकी वर्षं पुरली की दुसरं काही लागलंच नाही.

मग सरकारला जाग आली. बिनकागदाच्या लोकांना नागरिक करून घ्यायचं ठरलं आणि वकील मंडळी गावोगाव फिरू लागली. यांगीअरिकच्या शाळेतही आली. इथं किती वर्षं राहते ते सांगायला शेजारची साक्ष लागत होती. इनोबतनं नाइलाजानं रिसोलतलाच नेलं, 'कागद जुना झालाय, बदलायचाय' एवढंच सांगून.

"आजी, एवढ्या वर्षांत ही कधी पलीकडे जाऊन राहिली का?" वकील पोरीनं विचारलं.

"छे! ती कशाला जाईल? भावानं हाकललंय तिला."

पोरगी हसली. "भाऊ कसला हाकलतोय, आजी? हिच्याकडे कुठल्याच देशाचा कागद नाही. चौकीतच धरली असती."

वर्गात अर्धा गाव होता. रिसोलतनं इनोबतकडे पाहिलं, मग टेबलाकडे, आणि साक्षीची सही केली. इनोबतला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं, पण शाळेची फरशी तेवढी दयाळू नव्हती.

वाटेत रिसोलत एकच वाक्य बोलली. "तू माझ्या हातून नान परत करवलीस."

पासपोर्ट हातात पडला त्या आठवड्यात रिसोलत पहाटेच फाटकात हजर. काखेत गरम नान. "चल. मीही येते. नान परत केली ती मी, तोंडही मीच दाखवायला हवं त्याला."

होशीम अंगणात द्राक्षाचा वेल बांधत होता. म्हातारा झाला होता. रिसोलतनं दोन्ही हातांनी नान पुढं केली आणि मान खाली घातली. त्यानं ती घेतली, कपाळाला लावली, मोडून दोघींच्या हातात तुकडे दिले.

"अका," थोरल्या भावाला म्हणतात तसं इनोबत म्हणाली, "मी तुमच्याबद्दल गावात..."

"ठाऊक आहे. तुमच्याकडची माणसं बाजाराला येत होती की. आई जायच्या आधीच ऐकलं होतं."

"मग त्या दिवशी फाटकात बोलला का नाहीत?"

"काय बोलू? हिच्याकडे कागद नाही म्हणून ही येत नाही, असं ओरडून सांगू? कुणी जाऊन चौकीत कळवलं असतं तर? मला चार शिव्या बसल्या, बसू देत. तुला तिथंच दिवस काढायचे होते."

इनोबतला वाटलं होतं, तो रागावेल, चार शब्द सुनावेल. त्याची तिनं तयारी केली होती. ह्याची केली नव्हती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घास हातात तसाच राहिला.

तेवढ्यात भिंतीवरून शेजारीण डोकावली. "होशीम अका, पाहुणे कोण?"

"बहीण," तो म्हणाला. "रुसली होती इतकी वर्षं. चूक माझीच, वाटणीवरून बोललो होतो तिला."

इथंही. आपल्याच गल्लीत, आपल्याच तोंडानं त्यानं ते खोटं अंगावर घेतलं होतं.

इनोबतनं घास खाली ठेवला आणि उभी राहिली. "बाई, भांडण कधी झालंच नाही. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता, त्याची मला लाज वाटत होती. म्हणून ह्यांच्या नावानं खोटं बोलले. आईच्या मातीलासुद्धा आले नाही."

"काय म्हणालीस?" शेजारणीनं कानामागं हात धरला.

"मोठ्यानं सांग," रिसोलत म्हणाली. "बाईला कमी ऐकू येतंय."

होशीम हातानं नको नको म्हणत होता. इनोबतनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, ह्या खेपेला गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात.