तडकलेली काच

शेजारच्या सुमनताईंबरोबर मोबाइलच्या दुकानात गेले होते. अपघातात गेलेल्या त्यांच्या मुलाच्या फोनमधले फोटो मिळतात का, ते बघायचं होतं. दुकानदाराने वरची तडकलेली काच नखाने अलगद सोलली. खाली स्क्रीन कोरी करकरीत.

"काकू, फोनला काही झालं नाही. गार्डने सगळं झेललं."

मला रागच आला. कसली ही आपली माया! रिमोट प्लास्टिकमध्ये गुंडाळतो, फ्रिजच्या हँडललासुद्धा झबलं शिवतो.

ताईंनी ती तडकलेली काच रुमालात बांधून घेतली. पायऱ्या उतरताना हळूच म्हणाल्या, "त्याचं हेल्मेट अजून पिशवीतच आहे गं. नवं होतं. ओरखडे पडतील म्हणून मीच काढू दिलं नाही."