चाचांचं दार

"बेटा, तुहे चाचा गेले..." चाचीचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर त्यांना दाखवलेल्या गाडीचाच आराखडा उघडा होता. त्या दिवशी हातून काहीच काम झालं नाही. पुण्यातल्या एका कचेरीत मी लष्करासाठी हलक्या गाड्यांचे आराखडे करते; चिखलवाळूतून सुसाट जायचं, हल्ला करायचा आणि तितक्याच वेगानं निघून यायचं, अशा गाड्या. युसूफचाचा अकोल्यातले आमचे शेजारी, फौजेतून निवृत्त झालेले गाड्यांचे मिस्त्री.

गेल्या दिवाळीत मी मोठ्या ऐटीत त्यांना आराखडा दाखवला. दारांना जाड पोलादी पत्रा होता. गोळी आत येणार नाही, अजून काय पाहिजे! चाचांनी दारांची मापं तेवढी उतरवून घेतली. चार दिवसांनी त्यांनी गॅरेजात बोलावलं. जुन्या जीपला माझ्याच मापाचं, तितकंच जड दार बसवलं होतं आणि जीप एका अंगावर कलती करून ठेवली होती. "बस," म्हणाले. "समज, गाडी नाल्यात पलटली. आग लागून रायली. निघ आता भाईर." माझ्या बाजूचं दार आता वर, डोक्याकडे आलं होतं. खांदा लावला, पाय रोवले... ते हलेना. "चाचा, उघडा ना!" मी किंचाळले. त्यांनी उघडलं, पण जरा थांबूनच. मला असा राग आला!

"मग पत्रा काढून टाकू?"

"काढशीन तं गोळी लागते."

"मग करू तरी काय?"

"मले काहून इचारतं? इंजिनेर तू का मी?"

चहा पिताना मग आपणहून बोलले. सीमेवर त्यांच्या दोस्तानं, महादेवनं, हट्ट धरला म्हणून त्याच्या गाडीच्या दारांवर चाचांनी जादा पत्रा जोडून दिला होता. "गोळ्यांतून वाचला रे बाप्पा तो. मंग गाडी पलटली... दार उघडलंच नाही. वेल्डिंग माहीच होती. पक्की."

मी पत्रा कमरेपर्यंतच ठेवला, वरचा भाग हलका केला. छातीवर गोळीचा धोका वाढला, हे मला ठाऊक होतं. वरिष्ठांपुढे तेच बोलायचं धैर्य मला चाचांमुळे आलं. दर रविवारी मी त्यांना फोन करून नवी मापं सांगायची. "अजून काईतरी चुकून रायलं," एवढंच म्हणायचे. काय ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

चाचांच्या चाळिसाव्याला, म्हणजे चाळीस दिवसांनंतरच्या फातेह्याला, मी अकोल्याला गेले. चाचीनं गॅरेज उघडून दिलं. जीप तशीच कलती होती. दार मात्र माझ्या नव्या आराखड्याप्रमाणे कापलेलं. आतली कडी वरून काढून पार खाली, सीटच्या कडेशी बसवली होती. बाजूला खडूनं लिहिलं होतं : घायाळ माणसाचा हात इथवरच येते.

"महिनाभर याच सीटवर डोये मिटून पडून रायत," चाची म्हणाली. "मी इचारलं, काय करून रायले जी? तं म्हणे, महादेवचा हात कुठवर पोचते ते पाहून रायलो."

मी आत बसले. डोळे मिटले, हात सैल सोडला. कडी हाताशीच होती. ढकललं तर दार उघडलं... आणि तिथेच बसून मी पोटभर रडले.